वेलीआधी मांडव, मांडवाआधी वेल

बंगल्याच्या फाटकावर कमान हवी असं एकदा ठरलं, की माणूस आधी फॅब्रिकेटरकडे जातो. पट्ट्यांची नक्षी पसंत करतो, रंग ठरवतो, मापं देतो. कमान उभी राहिली की नर्सरीत जाऊन जी वेल फुललेली दिसेल ती आणतो. दोन-तीन पावसाळ्यांत नक्षी पानांखाली गडप होते आणि तिच्यावरचा सगळा खर्च दिसेनासा होतो. किंवा गुळगुळीत पाइपावर वेल चढतच नाही, पायाशी गुंता करून बसते. किंवा ती चढते, फोफावते आणि वळिवाच्या एका तडाख्यात कमानीसकट आडवी होते. तिन्ही ठिकाणी चूक एकच: आधार आधी ठरला आणि वेल मागाहून. हे पुस्तक तो क्रम बदलावा म्हणून लिहिलं आहे. वेल आधी ठरवावी, तिच्या अंगाप्रमाणे आधार बांधावा, आणि आधार पुरा उभा राहिल्यावरच रोप मातीत लावावं.

कालिदासाचा यक्ष ढगाला आपल्या घराच्या खुणा सांगतो, तेव्हा बागेतल्या मंडपाची ओळख तो वेलीच्या नावाने करून देतो. माधवीचा मंडप, भोवती कोरांटीचं कुंपण, शेजारी तांबडा अशोक आणि बकुळ. मंडपाचे खांब कशाचे होते, त्यांवर काय कोरलं होतं, याबद्दल तो काहीच सांगत नाही. माधवी म्हणजे आपली हळदवेल. लाकडी खोडाची, उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत पोचणारी, वसंतात सुगंधी फुलं आणि नंतर तीन पंखांची फळं धरणारी ही थोराड वेल आहे. तिला पेलणारा मंडप चांगलाच भक्कम असावा लागतो. शाकुंतलातली वनज्योत्स्ना मात्र नवमालिका आहे, हलक्या अंगाची. तिला मंडपाची गरज पडली नाही, ती आश्रमातल्या आंब्यावरच चढली. दोन वेली, दोन स्वभाव, दोन आधार. ही निवड ज्याला जमली त्याचं निम्मं काम झालं असं मी मानतो.

झाडाचा आधार आपल्याकडे आजही चालतो. पानमळ्यात नागवेल शेवरीवर किंवा पांगाऱ्यावर चढवतात, कोकणच्या बागायतीत मिरीची वेल पोफळीला बिलगते. दोन्ही वेली खोडाला मुळांनी धरतात, म्हणून त्यांना खरखरीत, ओलावा धरणारी साल लागते. लोखंडी जाळीवर मिरी लावणाऱ्यांची निराशा होते ती याचमुळे. वेल चढते कशी, हे आधी पाहायला हवं.

हे बारकाईने पाहणाऱ्यांत चार्ल्स डार्विनचं नाव पहिलं घ्यावं लागेल. उत्क्रांतीच्या सिद्धांतामागे त्याचं हे काम झाकून गेलं. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी ताण्यांच्या हालचालींवर लिहिलेलं एक छोटं टिपण त्याच्या वाचनात आलं, ग्रे यांनी बियाही पाठवल्या, आणि डार्विन वेली वाढवू लागला. आजारपणामुळे खोलीत अडकून पडला असताना त्याने हॉपच्या वेलीची कुंडी जवळ ठेवून घेतली आणि तिचा कोवळा शेंडा आधार शोधत हवेत कसा फिरतो ते रात्रंदिवस पाहिलं. उबदार दिवसांत एक फेरा सरासरी २ तास ८ मिनिटांत पुरा होतो, असं त्याने नोंदवलं. हे सगळं १८६५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात आलं आणि १८७५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. आपल्या गोकर्णीचा किंवा गुळवेलीचा शेंडा सकाळी एका बाजूला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला वळलेला दिसतो, तोही हाच फेरा असतो. फिरताना काठी लागली की वेल तिला पीळ घालत वर जाते.

पीळ घालणाऱ्या वेलींना उभा आधार लागतो आणि तो फार जाड चालत नाही. गोकर्ण, गणेशवेल, गारवेल, गुळवेल या सगळ्या याच जातीच्या. त्यांना उभी तार, सुतळी, बांबूची बारीक काठी द्यावी. आडव्या पट्ट्यांची सुंदर जाळी त्यांच्या उपयोगाची नसते, कारण त्या आडव्या पट्टीवर चालत नाहीत, ती ओलांडून वर जायला बघतात. नऊ इंची चौकोनी खांबाशी लावलेली गोकर्ण त्याच्या पायथ्याशीच वेटोळी घालते. तिथे खांबाला दोन-तीन उभ्या तारा थोड्या अंतरावर ताणून दिल्या, की तीच वेल महिन्याभरात वर पोचते.

ताण्यांच्या वेलींचं गणित वेगळं. तोंडली, दोडका, पडवळ, कारली, कृष्णकमळ, आइसक्रीम क्रीपर आणि जानेवारीत केशरी फुलांनी लगडणारी संक्रांतवेल, या ताण्यांनी धरतात. द्राक्षबागेत याच ताण्याला बाळी म्हणतात. ताणा बारीक असतो आणि त्याला बारीकच वस्तू धरता येते. पेन्सिलीएवढी जाडी त्याला सोयीची. तीन इंची पाइपाशी तो काही वेळ चाचपडतो आणि सुकून जातो. म्हणून अशा वेलींच्या मांडवाला खांब आणि तुळया कितीही भक्कम असोत, मधल्या जागेत तारेची किंवा सुतळीची जाळी हवीच. कोकणातल्या परसात पावसाळी भाज्यांचा मांडव घालतात तो नीट पाहावा. मेढी जाड, आडवे वासे मध्यम, त्यांवर पोफळीचे चिरलेले वासे आणि सगळ्यात वर काटक्यांचा विरळ थर. वजन मेढी घेतात, पकड काटक्या देतात. खालून लोंबणारी पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकाला दगड बांधतात, तोही भार हा मांडव पेलतो. कोणत्याही कॅटलॉगमधल्या पर्गोलापेक्षा मला या मांडवात अधिक विचार दिसतो.

तिसरा गट रेलणाऱ्या वेलींचा. बोगनवेल काट्यांनी अडकून वर सरकते. मधुमालतीच्या पानांचे देठ गळताना बुडखे मागे राहतात, ते कठीण होऊन आकड्यांसारखे अडकतात. जाईला यातलं काहीच नाही, ती नुसती दुसऱ्याच्या खांद्यावर पडते. या वेली बांधाव्याच लागतात. त्यांच्या मांडवाला रुंद, आडवी टेकण हवी आणि माळ्याचा हात पोचेल अशी उंची हवी. भिंतीला मुळांनी चिकटणारा वेली अंजीर हा आणखी निराळा. त्याला मांडव नकोच, पण एकदा तो भिंतीवर बसला की भिंत त्याची होते. रंगकाम करताना ओरबाडून काढला तर मुळांचे ठसे राहतात आणि गिलावाही निघतो. नव्या घराच्या भिंतीवर मी तो लावू देणार नाही. कुंपणाच्या दगडी गडग्यावर जरूर लावावा.

आता वजन आणि वारा. या पुस्तकाची सर्वाधिक पानं याच विषयाने घेतली आहेत, आणि ती मी कमी केली नाहीत. डार्विन एकाहून अधिक वेळा मुद्दाम वादळी वाऱ्यात बाहेर पडला आणि कुंपणावरच्या ब्रायोनीच्या वेलीकडे पाहत राहिला. आजूबाजूच्या फांद्या झोडपून निघत होत्या, वेलीला मात्र काही झालं नाही. ताणा आधाराला धरल्यावर स्वतःला पीळ घालतो, अर्धा एका दिशेने आणि अर्धा उलट दिशेने. त्याची स्प्रिंग होते. वाऱ्याचा झटका आला की ती ताणली जाते, झटका गेला की आखडते, आणि तुटत नाही. ब्रायोनी आपल्या दोडक्या-कारल्याच्याच कुळातली. पावसाळ्यात कुंपणांवर दिसणारी शिवलिंगी तर पूर्वी ब्रायोनी याच प्रजातीत धरली जात असे. आपल्या घरी हा पीळ पाहायचा असेल तर तोंडलीचा कुठलाही जुना ताणा पाहावा.

बांधणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे: वादळात वेल सुटत नाही. ती धरून ठेवते आणि वाऱ्याचा सगळा जोर खाली आधाराकडे देते. पानांनी भरलेला मांडव म्हणजे उभारलेलं शीड असतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि पावसात भिजलेल्या पानांचं वजन त्यात वेगळं. म्हणून मांडवाची ताकद रिकाम्या सांगाड्यावर हात ठेवून पाहायची नसते. पाच वर्षांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पूर्ण भरलेल्या अवस्थेत तो कसा असेल हे डोळ्यांसमोर आणायचं असतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या नारळी-पोफळी झोपल्या. तशा वाऱ्यापुढे टिकेल असा मांडव घरगुती बागेत कोणी बांधू शकत नाही. पण मे महिन्याचा वळीव दरवर्षी येतो, आणि त्याला तोंड देणारा मांडव बांधणं अगदी हातातलं आहे. खांब किमान दोन फूट खोल, कोपऱ्यांत तिरक्या कैच्या, आणि एप्रिलमध्ये आतला सुकलेला गुंता काढून टाकून वाऱ्याला वाट. ही एप्रिलची विरळणी फार थोडे लोक करतात. वरून हिरवा दिसणारा मांडव आतून वाळलेल्या काड्यांनी गच्च असतो, आणि वारा तिथेच अडतो.

भाराचा खरा अनुभव आपल्या राज्यात द्राक्ष बागाईतदारांकडे आहे. नाशिक-सांगलीकडच्या बागांत वेली पूर्वी सर्रास सपाट मांडवावर पसरत. हल्ली बऱ्याच बागा वाय आकाराच्या आधारावर असतात. वाय पद्धतीत हवा खेळती राहते, पानं लवकर सुकतात, केवडा आणि भुरी आटोक्यात ठेवणं सोपं जातं, फवारणीही नीट पोचते. बागेतल्या शोभेच्या मांडवालाही हे लागू आहे. तुमच्या जाईच्या पानांवर बुरशी येत असेल तर औषधाआधी मांडवाकडे पाहावं, तो भिंतीला फार चिकटून तर नाही ना. जाळी आणि भिंत यांत तीन-चार इंचांची फट ठेवली तर हवा फिरते, भिंतीची ओल सुकते आणि रंगाऱ्याचा ब्रशही आत जातो. अवकाळी पावसात घडांनी भरलेले द्राक्षांचे मांडव कोसळल्याच्या बातम्या येतात, तेव्हा बाहेरच्या रांगेतल्या ताणांकडे लक्ष द्यावं. कडेचा ताण सुटला की आतली प्रत्येक तार ढिली पडत जाते. घरच्या मांडवातही कोपऱ्याचा खांब इतर खांबांपेक्षा जाड घ्यावा तो यासाठी.

कशाचा बांधावा, हे गावावर अवलंबून आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात त्याच्या चौथाईएवढा. जे पुण्यात पंधरा वर्षं टिकतं ते मालवणात पाच वर्षांत गंजतं किंवा कुजतं. किनाऱ्यालगत खारी हवा लोखंडाला ठेवत नाही. पावडर कोटिंग दिसतं छान, पण वेल बांधताना, छाटताना एक ओरखडा पडला की गंज आतून पसरतो. कोकणात माझी पहिली पसंती जांभ्या चिऱ्याच्या खांबांना. चिऱ्याचे चौकोनी खांब, वर सागाच्या किंवा ऐनाच्या तुळया, त्यांवर बांबू. खांब पिढीभर राहतात, बांबू चार-पाच वर्षांनी बदलावे लागतात, आणि बदलता येतात. सिंधुदुर्गात मिळणारा माणगा हा जवळजवळ भरीव बांबू या कामाला उत्तम. तो पाऊस संपल्यावर थंडीत तोडलेला असावा. वाढीच्या दिवसांत तोडलेल्या बांबूत पिठूळपणा जास्त असतो आणि भुंगेरा त्यावरच येतो. जुने लोक तोडलेला बांबू वाहत्या ओढ्यात बुडवून ठेवत, त्याने हे पीठ धुऊन जातं. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवून घेता येतो. पण प्रक्रिया केलेलाही बांबू थेट मातीत गाडू नये, लाकूडही नाही. काँक्रीटमध्ये लोखंडी बूट बसवून त्यावर खांब उभा करावा, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. लाकडी खांब कुजतो तो नेहमी जमिनीच्या पातळीवर, वर तो ठणठणीत असताना.

देशावर जाड जीआय पाइप चालतो, पण वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर झिंकचा थर जळून गेलेला असतो. तिथे झिंकयुक्त प्राइमर लावून घेतल्याशिवाय फॅब्रिकेटरचे पैसे चुकते करू नयेत. विदर्भात आणखी एक गोष्ट येते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हातली लोखंडी पट्टी हाताला चटका देते, तीच कोवळ्या शेंड्यालाही. पाइपाला काथ्या गुंडाळला की हा प्रश्न बराचसा सुटतो, पकडही मिळते. कडक उन्हाच्या गावात मांडव पश्चिमेच्या भिंतीजवळ घालावा. दुपारनंतरचं ऊन भिंतीवर पोचलंच नाही तर आतली खोली संध्याकाळी तापलेली राहत नाही. मांडवाने घराला दिलेली ही सेवा मला त्याच्या फुलांइतकीच मोलाची वाटते.

मापांबद्दल थोडक्यात. खालून चालायचं असेल तर आठ फूट उंची हवी, कारण फुलांचे घोस फूटभर खाली येतात. सात फुटांची कमान पहिल्या वर्षी पुरेशी वाटते, तिसऱ्या वर्षी डोकं वाकवून जावं लागतं. रुंदी पाच फूट असली तर दोघं बरोबरीने जाऊ शकतात. गच्चीवर खांबांसाठी स्लॅबला भोकं पाडू नयेत, वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की खालच्या घरात गळती सुरू होते. माती भरलेल्या जड ड्रमांत खांब रोवून ते वरून एकमेकांना बांधून घ्यावेत, आणि स्लॅब किती भार पेलेल हे इंजिनिअरला विचारावं.

जोड्यांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि पुस्तकभर ती दिसतील. फाटकाच्या कमानीवर मधुमालती, हे पुण्याच्या जुन्या बंगल्यांनी केव्हाच ठरवून दिलं आहे. संध्याकाळी पांढरी उमलणारी, पुढे गुलाबी आणि मग लाल होत जाणारी फुलं एकाच घोसात दिसतात, आणि सुगंध नेमका लोक घरी परतण्याच्या वेळी येतो. पण ती जोमाची वेल आहे. तिच्यासाठी कमान जड हवी आणि माळी दरवर्षी हवा. बोगनवेल कमानीवर नको. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या, विशेषतः मुलांच्या, डोळ्यांच्या उंचीवर तिचे काटे येतात. तिला कुंपणावर किंवा मोकळ्या उतारावर सोडावं, तिथे तिच्यासारखी शोभा दुसऱ्या कशाला नाही. जुईला छोटा, खिडकीजवळचा, हात पोचेल असा मांडव द्यावा, कारण ती पाहण्यापेक्षा वेचण्याची वेल आहे. कृष्णकमळ जाळीवर लावणाऱ्याने पानं कुरतडली जाण्याची तयारी ठेवावी. टॉनी कोस्टर या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या त्यावर वाढतात. फवारणी करू नये. वेल पुन्हा फुटते, आणि अंगणात फुलपाखरं राहतात. मांडवाच्या गच्च कोपऱ्यात बुलबुलाने घरटं केलं असेल, तर पिल्लं उडेपर्यंत कात्री बाजूला ठेवावी.

आणि नक्षीचं काय, असा प्रश्न वाचक विचारेल. त्यासाठी एक अख्खं प्रकरण दिलं आहे. त्यात महालांतल्या, राजबागांतल्या कमानींची वर्णनं आहेत, पण भर प्रमाणावर आहे. खांबांमधलं अंतर, तुळयांची जाडी, रिपांची लय, सावलीत जमिनीवर पडणारे उन्हाचे पट्टे. हे साधलं तर वेल छाटल्यानंतर उघडा पडलेला सांगाडाही बघत राहावासा वाटतो, आणि वेल भरल्यावर तो लपला तरी काही वाया जात नाही. महागड्या पट्ट्यांची फुलं-पानं घडवून घेण्यापेक्षा तोच पैसा पायात, सांध्यांत आणि जाड तुळयांत घालावा. खऱ्या फुला-पानांशेजारी लोखंडी फुलं-पानं मला कधी शोभलेली दिसली नाहीत.

लग्नाच्या मांडवाची मुहूर्तमेढ रोवताना आपण वेळ पाहतो. वेलीच्या मांडवालाही वेळ आहे: खांब फेब्रुवारी-मार्चमध्ये, वरचं काम एप्रिलअखेर, रोपं जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. पहिल्या वर्षी मांडव उघडाच असणार, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. मग मांडव लवकर भरावा म्हणून ते एकाच खांबाशी तीन-तीन मधुमालती लावतात आणि पुढे त्यांचा गुंता आयुष्यभर सोडवत बसतात. त्याऐवजी एका खांबाशी एकच रोप लावावं आणि मधल्या तारांवर त्या पावसाळ्यापुरती गणेशवेल, गोकर्ण किंवा दोडका सोडावा. जूनमध्ये पेरलेलं बी गणपतीपर्यंत मांडव झाकून टाकतं, दोडके स्वयंपाकघरात जातात. दिवाळीनंतर या वेली उपटू नयेत, बुडाशी कापाव्यात, म्हणजे शेजारच्या मधुमालतीची कोवळी मुळं हलत नाहीत. वरची वाळलेली जाळी तशीच राहू द्यावी. उन्हाळ्यात मधुमालतीचा पहिला लांब फुटवा त्याच काड्यांना अडकत वर चढतो.